पाण्याचा पडदा

गेल्या वैशाखांत जालना जिल्ह्यांतील केदारखेडा या गांवीं एका लग्नास जाण्याचा प्रसंग आम्हांस आला. जालन्याहून राजूरच्या गणपतीवरून भोकरदनकडे जो रस्ता जातो त्यावर, पूर्णा नदीच्या कांठीं, हें गांव वसलेलें आहे. ओसरीवर जाऊन बसतांच, चहाच्या पेल्याआधीं, आमच्या हातीं जी वस्तु ठेवण्यांत आली ती म्हणजे मखमली पुठ्ठ्याचें एक वजनदार पुस्तक. अक्षता पडावयास अद्याप दोन प्रहर अवकाश होता. आणि वधूवरांचीं एकत्र काढलेलीं साठांवर छायाचित्रें त्या पुस्तकांत छापून, चिकटवून, चकचकीत होऊन तयार होतीं! बायकामंडळी कौतुकानें पानें उलटीत होती, आणि कोपऱ्यांतले एक वृद्ध गृहस्थ, ‘म्हणजे लग्न होऊन गेलें कीं काय?’ असें शेजाऱ्यास हळूच विचारीत होते.

या प्रकारास आतां शहरांत व खेड्यांत सारखेंच ‘प्री-वेडिंग’ असें म्हणतात. लग्नाच्या महिना दोन महिने आधीं छायाचित्रकारास बरोबर घेऊन नियोजित वधूवरांनीं एखाद्या तळ्यावर, धरणावर, समुद्रकिनाऱ्यावर, फुलांच्या पठारावर किंवा पडक्या किल्ल्यावर जावें, तेथें तीनचार पोशाख बदलावे, आणि जमल्यास पाण्यांत उतरून चित्रें काढून घ्यावीं, अशी ही चाल आहे. तिच्याविषयीं आजवर जें बोललें जातें तें बहुधा दोनच प्रकारचें. एकीकडे निरनिराळ्या समाजांच्या बैठकी भरतात व असें छायाचित्रण बंद करावें म्हणून ठराव होतात; दुसरीकडे, हौसेला मोल नाहीं, असें म्हणून सर्व कांहीं पदरांत घेतलें जातें. पहिला पक्ष चित्रें न पाहतांच बोलतो; दुसरा पाहतो, पण बोलत नाहीं. चित्र म्हटलें म्हणजे तें पाहून त्याविषयीं बोलणें हें टीकाकाराचें काम, आणि ज्या कलेचे नमुने आज महाराष्ट्रांत घरोघर निघत आहेत तिच्याकडे मासिकांनीं ढुंकूनहि पाहूं नये हें आम्हांस बरें वाटत नाहीं. रविवर्म्याच्या छापील तसबिरींकडेहि त्या काळच्या कित्येक विद्वानांनीं असेंच नाक मुरडलें होतें. पण दोन पिढ्यांच्या डोळ्यांस देवदेवता कशा दिसाव्या हें त्या तसबिरींनींच ठरविलें. पुढल्या पिढीस आपल्या आईबापांचें तारुण्य कसें दिसावें हें या पुस्तकांवरून ठरणार आहे.

तेव्हां पुस्तकाकडे वळूं. त्याचा मोठा भाग एका धरणाच्या पाण्यांत काढलेला आहे. धरण कोणतें हें चित्रांवरून कळत नाहीं. आणि आमच्या टीकेचें मूळ तेथेंच आहे. मुलगी पांढऱ्या गाऊनमध्यें कमरेइतक्या पाण्यांत उभी आहे, आणि गाऊनचा आठदहा हात लांबीचा घोळ तिच्या मागें पाण्यावर पसरला आहे. मुलगा काळ्या कोटांत, पाटलोण भिजलेली, तिच्याकडे हात पसरून येत आहे. दुसऱ्या चित्रांत तोच घोळ वाऱ्यावर उडत आहे. (तो वारा नव्हे, चौकटीबाहेर लपलेल्या एका पोऱ्यानें तो वर फेकून पळ काढलेला असतो, हें आम्हांस मागाहून कळलें.) तिसरें चित्र ड्रोननें आभाळांतून घेतलेलें: हिरवें पाणी, त्यावर एक पांढरा ठिपका व एक काळा. चौथ्यांत दोघें पाठीवर पाण्यावर पडून डोळे मिटून राहिलीं आहेत.

यांत कारागिरी नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. सूर्य मावळण्यापूर्वींचा तो अर्धा पाऊण तास बरोबर साधला आहे, ज्या वेळीं तिरप्या किरणांना हवेचा जाड थर ओलांडून यावें लागतें, निळा रंग वाटेंतच विखुरतो आणि तांबूस पिवळा तेवढा माणसाच्या तोंडावर येऊन पोंचतो. पाण्यावरील नको ती चकाकी मारण्यासाठीं भिंगापुढें ध्रुवणाची काच लावली आहे. उडालेले थेंब हवेंत मण्यांसारखे थिजविले आहेत. त्याकरितां कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाच उघडावा लागतो. केदारखेड्यासारख्या ठिकाणीं लग्नसराईपुरतें काम करणारा एक तरुण हें सर्व कोणत्याहि कलाशाळेचें तोंड न पाहतां शिकतो ही गोष्ट लहान नव्हे. पण इतकें असूनहि पुस्तक मिटल्यावर आमच्या ध्यानांत कांहीं राहिलें नाहीं. चेहरे बोटानें झांकून पाहिलें तर तेंच पुस्तक नाशिकच्या घरचें असेल, इंदूरच्या असेल, किंवा न्यू जर्सींत राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाचेंहि असेल. हें असें कां व्हावें?

उत्तरासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. छायाचित्रणाची कला आपल्याकडे फार लवकर आली. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी हे त्या काळचे नांवाजलेले छायाचित्रकार होते. केदारखेड्याची पूर्णा ज्या अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावते त्याच डोंगरांतील लेण्यांचीं मेजर रॉबर्ट गिल यानें घेतलेलीं छायाचित्रें फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ सालीं पुस्तकरूपानें बाहेर पडलीं. त्या वेळच्या रीतीप्रमाणें रसायन लावलेली काच ओली आहे तोंवरच तिच्यावर चित्र घ्यावें लागे. म्हणजे त्या काळीं ओली असे ती काच, नवरी कोरडीच राही! पुढें शहरोशहरीं स्टुडिओ निघाले व त्यांबरोबर रंगविलेला पडदा आला. वाचकांच्या घरीं आजोबा-आजींचा तसा एखादा फोटो असेलच. मागें कापडावर तळें, तळ्यांत हंस, कांठाला विलायती जिना. पुढें लांकडी खुर्चीवर आजोबा, गुडघ्यावर पंजा ठेवून. बाजूस उभी असलेली आजी, नऊवारी नेसलेली, दृष्टि जमिनीकडे, आणि ‘हलूं नका’ या हुकमानें दोघांच्याहि मुद्रा दगडासारख्या झालेल्या. जत्रांतील तंबूंत हाच पडदा ताजमहालाचा किंवा विमानाचा असे.

त्या पडद्याला आपण आज हंसतों. पण तो पडदा खोटा असूनहि प्रामाणिक होता. आजी हंसांच्या तळ्याकांठीं उभी होती असा भ्रम त्यानें कोणासहि घातला नाहीं. कापड कोठें संपतें तें चित्रांत दिसत असे, आणि त्यामुळें पाहणाराची दृष्टि आपोआप आजीच्या तोंडाकडे वळे. आजच्या चित्रांत पाणी खरें आहे, डोंगर खरा आहे, सूर्यहि खरा आहे. परंतु त्यांच्याकडून काम मात्र पडद्याचेंच घेतलेलें आहे. पूर्वीं तळ्याचें चित्र माणसांच्या मागें आणून टांगीत. आतां माणसांना नेऊन तळ्याच्या पुढें टांगतात. एकदां जागेचा पडदा करावयाचा असें ठरलें म्हणजे कोणतीहि जागा चालते. २०२४ च्या फेब्रुवारींत कर्नाटकांतील चित्रदुर्ग जिल्ह्यांत एका डॉक्टरानें सरकारी रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहांतच आपलें प्री-वेडिंग उरकलें व नोकरी गमावली, हें पुष्कळांनीं वाचलें असेल. लोकांनीं त्याला वेडा म्हटलें. आमच्या मतें तो या कलेच्या नियमाला धरूनच वागला.

यावर कोणी म्हणेल कीं, प्रेमिकांना पाण्यांत आणि वनांत नेणें ही तर आपल्या कवींचीच जुनी खोड. खोड जुनी आहे खरी. पण त्यांनीं पाण्याचें काय केलें तें पाहावें. रघुवंशाच्या सोळाव्या सर्गांत कुश आपल्या स्त्रियांसह शरयूंत जलक्रीडा करतो. त्या खेळांत अगस्तींनीं रामास दिलेलें व रामाकडून त्यास मिळालेलें आभरण पाण्यांत पडून नाहींसें होतें. शोध करूनहि तें सांपडत नाहीं. कुश रागावून धनुष्याला बाण लावतो, तेव्हां डोहांतून कुमुद नाग आभरण घेऊन वर येतो आणि आपली बहीण कुमुद्वती त्याला देतो. म्हणजे शरयू ही त्या कथेंत एक पात्र आहे. ती वस्तु घेते, लपविते, आणि तिच्या मोबदल्यांत नवरी देते! आणि आपल्या मराठवाड्याच्याच मातींतली गाथासप्तशती घ्या. पैठणच्या हाल सातवाहनाच्या नांवावर असलेला हा महाराष्ट्री प्राकृत गाथांचा संग्रह स. आ. जोगळेकर यांच्या १९५६ च्या आवृत्तीमुळें मराठी वाचकांस सुलभ झाला आहे. त्यांतील गोदावरी पाहावी. तिला पूर येतो आणि वाट अडते. तिच्या कांठच्या कुंजांना पालवी फुटते आणि कोणाच्या तरी जिवांत जीव येतो. ती नुसती मागें पसरून राहत नाहीं. तिच्यामुळें कांहीं घडतें किंवा घडावयाचें राहतें.

चित्रकलेंतहि हीच गोष्ट. सावळाराम हळदणकरांचें ‘ग्लो ऑफ होप’ हें चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. पुष्कळ लोक तें रविवर्म्याचें समजतात, पण तें सावंतवाडीकडच्या या मराठी चित्रकाराचें आहे. त्यांत मागें कांहीं नाहीं, काळोख आहे. एक बाई हातांतल्या दिव्याची ज्योत दुसऱ्या तळव्यानें आडोसा करून सांभाळीत आहे, एवढेंच. त्या तळव्याला तें काम माहीत आहे, म्हणून चित्र जिवंत झालें. रविवर्म्याची शकुंतला तर कांटा निघत नसतां काढण्याचें निमित्त करते; पण निमित्ताला कां होईना, तिला कांटा लागतो. केदारखेड्याच्या पुस्तकांतील मुलगी पाण्यांत काय करीत आहे? भरीत नाहीं, धूत नाहीं, पोहत नाहीं, पलीकडे जात नाहीं. ती पाण्यांत आहे, एवढेंच. आणि तिच्या हातांना तेथें कांहीं काम नसल्यामुळें ते कोठें ठेवावे हें तिला कळत नाहीं, हें चित्रांत स्वच्छ दिसतें.

आतां त्या पांढऱ्या गाऊनविषयीं. वधूनें पांढरा पोशाख करावा ही चाल युरोपांतहि सर्वत्र फार जुनी नाहीं; १८४० सालीं व्हिक्टोरिया राणीनें आपल्या लग्नांत पांढरा पोशाख केला, तेव्हांपासून तिचा प्रसार झाला असें मानतात. तिकडे हा पोशाख एक दिवस वापरावयाचा व पुढें जन्मभर पेटींत जपून ठेवावयाचा. या जपणुकीचाच कंटाळा येऊन अमेरिकेंत एक उलट चाल निघाली. तिचा आरंभ २००१ च्या सुमारास लास वेगासचा छायाचित्रकार जॉन मायकेल कूपर याच्यापासून सांगतात. लग्न झाल्यावर वधूनें तोच पोशाख घालून समुद्रांत, चिखलांत, झऱ्याखालीं जावें, तो मनसोक्त खराब करावा, आणि त्याचीं चित्रें काढावीं, असा तो प्रकार. आवडो वा न आवडो, त्या कृतींत अर्थ आहे. ‘हें कापड मी आतां पुन्हां वापरणार नाहीं, आणि त्याची गुलामहि राहणार नाहीं,’ असें ती स्त्री सांगते. आपल्याकडे तो अर्थ गळून गेला आणि चित्र तेवढें आलें. येथें गाऊन भाड्यानें आणलेला. तो सायंकाळीं परत करावयाचा. चिखलाचा डाग पडला तर अनामत ठेवलेली रक्कम जाते. म्हणून पाण्यांत उतरलेल्या आमच्या नवरीची अर्धी नजर वराकडे आणि अर्धी घोळाकडे! जें वस्त्र बिघडविण्यासाठीं पाण्यांत नेण्याची रीत पडली, तें बिघडूं नये या धास्तीनें तिनें तो सबंध दिवस काढला. तिच्या तोंडावरचा ताण छायाचित्रकारानें पुसून काढण्याचा प्रयत्न केला आहे; तो पुरता पुसला गेलेला नाहीं.

शालू किंवा पैठणी नेसून मात्र कोणी पाण्यांत उतरत नाहीं, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. जरीवर पाण्याचा थेंब पडला तर बायका कशा धांवतात हें प्रत्येक घरीं पाहिलेलें आहे. शालू मऊ सुती कापडांत गुंडाळून ट्रंकेंत जातो, मुलीच्या लग्नांत बाहेर निघतो, आणि अगदीं विरला म्हणजे नातवाचें टोपडें होतो. त्याला पुढें आयुष्य आहे, म्हणून तो भिजवितां येत नाहीं. भाड्याच्या गाऊनला आमच्या घरांत ना मागलें आयुष्य ना पुढलें.

पाण्यावर डोळे मिटून पडलेल्या त्या चौथ्या चित्राविषयीं दोन शब्द अधिक लिहिल्यावांचून राहवत नाहीं. हा नमुना छायाचित्रकारानें कोठून तरी फोनवर पाहून घेतला असेल. त्याला ठाऊक नाहीं, पण त्याचें मूळ घराणें फार प्रसिद्ध आहे. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमधील ऑफीलिया ओढ्यांत पडते व तिचीं वस्त्रें कांहीं वेळ तिला तरंगत धरतात. हें नाटक आगरकरांनीं १८८३ सालीं ‘विकारविलसित’ या नांवानें मराठींत आणलें, तेव्हां आमच्या वाचकांस तें नवें नाहीं. इंग्रज चित्रकार मिले यानें या प्रसंगाचें चित्र काढलें. ओढा व झाडोरा त्यानें १८५१ सालीं सरे परगण्यांत हॉग्समिल नदीच्या कांठीं बसून रंगविला. पुढें हिवाळ्यांत, चार पौंडांस विकत घेतलेला एक जुना भरजरी पोशाख एलिझाबेथ सिडल हिला घालून, तिला लंडनमध्यें पाण्यानें भरलेल्या न्हाणीच्या टबांत निजवलें. पाणी कोमट राहावें म्हणून टबाखालीं दिवे ठेवलेले होते. ते विझले, चित्रकार चित्रांत गढलेला, मुलगी बोलली नाहीं, आणि मग आजारी पडली. औषधाचा खर्च तिच्या बापानें मिलेकडे मागितला. तें चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयांत आहे, आणि पाण्यावर वस्त्रें पसरून पडलेली तरुणी म्हटली म्हणजे जगभरच्या छायाचित्रकारांच्या हातून कळत न कळत त्याचीच नक्कल होते. पण तें चित्र बुडून मरत असलेल्या मुलीचें आहे! लग्नाच्या पुस्तकांत तें काय म्हणून यावें? अर्थ न विचारतां नुसतें रूप उचललें म्हणजे अक्षता पडण्यापूर्वींच वधूवरांना शवासारखें निजविण्याची पाळी येते, आणि तें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं.

आणि हा केवळ अभिरुचीचाच प्रश्न असता तर आम्ही एवढ्यावरच थांबलों असतों. २०१२ सालीं कॅनडांत मॉंट्रियलच्या उत्तरेस एका नदींत लग्नाचा पोशाख घालून चित्रें काढण्यास उतरलेली एक नववधू भिजलेल्या पोशाखाच्या ओझ्यानें बुडाली. २०२० च्या नोव्हेंबरांत म्हैसूर जिल्ह्यांत कावेरीच्या पात्रांत, लग्न थोड्या दिवसांवर आलें असतां, अशाच छायाचित्रणाच्या वेळीं होडी कलंडून नियोजित वधूवर दोघेंहि गेलीं. घेरदार कपडा पाणी पितो, पायांत गुंततो, आणि धार असेल तर माणसाला तिच्याबरोबर ओढून नेतो. पोहतां येत असलें तरी तो हातपाय हलवूं देत नाहीं. ज्या घरीं हें पुस्तक आम्ही पाहिलें त्या घरच्या आजीला हें सांगावें लागलें नसतें. पण धरणावर जातांना तिला कोणी विचारलें नव्हतें. पडद्याला खोली नसते. पाण्याला असते, हें तेथें उभ्या असलेल्या कोणाच्याहि मनांत आलें नसावें.

येथें केदारखेड्याच्या पाण्याची गोष्ट सांगितली पाहिजे. पूर्णा ही गोदावरीला जाऊन मिळणारी नदी. खालीं परभणी-हिंगोलीकडे तिच्यावर येलदरी व सिद्धेश्वर हीं मोठीं धरणें आहेत. पण वर, भोकरदन तालुक्यांत, ती पावसाळ्यांत जितकी भरते तितकीच उन्हाळ्यांत आटते. २०१२-१३ च्या अवर्षणांत जालना जिल्ह्याचें नांव सर्व वर्तमानपत्रांत होतें. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, आणि टँकर येण्याच्या वेळेवर गांवांचे दिवस मोजले जाऊं लागले. आज विशी-पंचविशींत असलेल्या मुली त्या वर्षीं हंडे घेऊन रांगेंत उभ्या होत्या. आणि लग्नसराई येते ती नेमकी नदी आटल्यावर. तेव्हां पाण्यांतलें चित्र पाहिजे असेल तर दुसऱ्याच्या धरणावर जाणें आलें. जिच्या बाळपणाचा अर्धा वेळ पाणी आणण्यांत गेला, त्या मुलीला एकदां कमरेइतक्या पाण्यांत रिकाम्या हातांनीं उभें राहावेंसें वाटलें तर त्यांत नवल काय? हा विचार मनांत आल्यावर त्या चित्रांना हंसण्याचा आमचा धीर पुष्कळ कमी झाला, हें कबूल करतों. परंतु ती भावना चित्रांत आलेली नाहीं हेंच तर दुःख आहे. ती मुलगी कोठून आली आणि त्या पाण्याचें तिला काय वाटलें, याची खूण साठ चित्रांत एकहि नाहीं.

त्याच दिवशीं सायंकाळीं मांडवांत भटजींनीं मंगलाष्टकें म्हटलीं. त्यांत एक श्लोक नद्यांचा असतो. गंगायमुनांपासून गोदा-कावेरीपर्यंत नांवें घेऊन त्या सर्वांना, समुद्रासहित, वधूवरांचें मंगल करण्यास बोलाविलेलें असतें. त्याच्या शेवटीं ‘पूर्ण’ हा शब्द येतो तो पाण्यानें भरलेल्या या अर्थानें. पण पूर्णेच्या कांठीं बसून ऐकतांना आमच्या कानाला तो त्या गांवच्या नदीच्या नांवासारखाच लागला. आपल्या संस्कारांत नदीला असें नांव घेऊन बोलावितात, आणि नांव असलें म्हणजे तिचा पडदा होत नाहीं. बाळंतीण सव्वा महिन्यानें विहिरीची पूजा करते तीहि कोणत्या तरी पाण्याची नव्हे, जिचें पाणी तिनें पुढें शेंदावयाचें त्या विहिरीची. ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटांतील विहीर आणि जलाशय लोकांच्या मनांत इतके कां बसले याचेंहि कारण आम्हांस हेंच वाटतें. तें त्या मुलामुलींच्या गांवचें पाणी होतें. त्याच्या नकला करणारांनीं पाणी घेतलें, गांव घेतलें नाहीं.

इतकें दोषदर्शन झाल्यावर या चालीनें जें कमावलें आहे तेंहि सांगितलें पाहिजे, आणि तें थोडें नाहीं. आजीच्या फोटोंतील ती जमिनीकडे लागलेली दृष्टि येथें वर आली आहे. वर खुर्चीवर आणि वधू उभी, हा भेद गेला आहे. पूर्वीं मुलीचा फोटो लिफाफ्यांत घालून चार घरीं फिरे. तो तिनें काढून घेतलेला नसे, तिचा काढलेला असे. या पुस्तकांत ती त्याच्याकडे पाहते, आणि एकदोन ठिकाणीं तर त्याच्या अवघडलेपणाला हंसते आहे. शिवाय ज्या घरांत साखरपुड्यानंतरहि दोघांना चार शब्द मोकळेपणानें बोलावयास मिळत नाहींत, तेथें छायाचित्रणाच्या निमित्तानें एक सबंध दिवस मिळतो. बरोबर छायाचित्रकार, त्याचे दोन पोरे आणि मुलीचा भाऊ इतकी मंडळी असते ही गोष्ट निराळी! ज्या बैठकींत बंदीचे ठराव होतात तेथें बसलेल्या वडील माणसांनीं या एका दिवसाची किंमत मनांत धरावी अशी आमची विनंती आहे. खर्च कमी करा असें म्हणणें योग्यच. पण तो दिवस हिरावून घेऊं नये.

छायाचित्रकाराकडूनहि आमची मागणी मोठी नाहीं. त्यानें धरणावर जावें, समुद्रावर जावें, हवें तर पाण्यांत उतरावें. काठीनें खोली पाहून, आणि पोहणारा माणूस बरोबर घेऊन. पण मुलीला विचारावें कीं, बाई, तुझ्या ओळखीचें पाणी कोणतें? ज्वारीच्या शेतांतला पाट, मामाच्या मळ्यांतला हौद, गांवची बारव, कांहींहि असेल. आणि तेथें तिला उभी करूं नये. तिला जें करतां येतें तें करूं द्यावें, आणि आपण थोडें बाजूला थांबावें.

हें आम्ही हवेंत बोलत नाहीं. त्याच पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, कोपऱ्यांत, तळहाताएवढीं तीन चित्रें चिकटविलेलीं होतीं. मांडवांत भेटलेल्या त्या छायाचित्रकारास आम्हीं विचारलें, तर तो जरा ओशाळून म्हणाला, ‘तीं धरली नाहींत तरी चालेल साहेब. धरणावर निघण्याआधीं सकाळीं कॅमेरा बघायला नदींत दोन-चार काढले होते. पान रिकामं दिसत होतं म्हणून लावले.’ त्यांतील मधलें चित्र असें आहे. पूर्णेचें कोरडें पात्र, मागें पुलाचे खांब, वाळू उपसून पडलेला एक मोठा खड्डा. पुढें वाळूंत खणलेला झिरा. मुलगी घरच्याच साध्या कपड्यांत, ओढणी कमरेला खोंचून, गुडघ्यांवर बसली आहे. एका हातांत वाटी, शेजारीं तांब्या. मुलगा तिच्यासमोर उकिडवा बसला आहे आणि त्याचा हात कोपरापर्यंत ओल्या वाळूनें माखला आहे. झिऱ्याचें पाणी हात घालतांच गढूळ होतें, तें बसेपर्यंत थांबावें लागतें आणि मग वरचें निवळ तेवढें वाटीनें हलकेच घ्यावें लागतें; शहरांत वाढलेल्या त्या मुलाला हें ठाऊक नसावें. त्यानें हात घातला आहे, पाणी गढुळलें आहे, आणि ती वाटी उगारून त्याला रागें भरत आहे; पण ओंठांच्या कडेला हंसूं दाबलेलें आहे. उजेड कडक आहे, अर्धा चेहरा सावलींत गेला आहे, चौकट एका बाजूला कलली आहे. साठ चित्रांत ही एकच मुलगी आम्हांस भेटली.

निघतांना मुलीच्या आईला आम्हीं तें पान उघडून दाखविलें, आणि घरांत लावण्यासाठीं एकच चित्र मोठें करून घ्यावयाचें असेल तर हें घ्या, असें सुचविलें. तिनें पुस्तक जवळ घेतलें, पदरानें त्यावरची धूळ पुसली, आणि बराच वेळ तें चित्र पाहून ती म्हणाली, ‘अहो भाऊ, यांत तर पोरीनं केसबी विंचरले नाहींत.’